मुख हत्तीचे, पाय सिंहाचे : कल्पित प्राण्यांची वर्गवारी आणि जैन जीवविचार



मोठ्या मंदिराच्या पायऱ्या चढताना लहान मुलाची नजर प्रथम मूर्तीकडे जात नाही. ती दाराच्या दोन्ही बाजूंना आणि खांबांवर कोरलेल्या विचित्र प्राण्यांवर खिळते. कोठे सोंड असलेला सिंह उभा असतो, कोठे कमानीच्या टोकाला जबडा वासलेला जलचर, तर कोठे एका धडाला दोन माना असलेला पक्षी. मूल दोन प्रश्न विचारते : हा कोणता प्राणी, आणि हा खराच असतो का? वडीलधारी मंडळी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर “नाही” या एका शब्दात देऊन मोकळी होतात आणि पहिला प्रश्न त्यात वाहून जातो. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय हा पहिला प्रश्न आहे. जो प्राणी सृष्टीत नाही, तो कोणत्या वर्गात बसवावा? जैन परंपरेत या प्रश्नाचे नेटके उत्तर मिळते आणि त्या उत्तराचा संबंध अहिंसेच्या आचरणाशी येऊन पोहोचतो.

प्रथम शिल्पकारांची पद्धत पाहू जाता त्यांनी अशा प्राण्यांना ‘व्याल’ हे सामान्य नाव दिलेले आढळते. दक्षिणेत त्यालाच ‘याळी’ म्हणतात. पश्चिम भारतातील वास्तुशास्त्रावरचा बाराव्या शतकातील ‘अपराजितपृच्छा’ हा ग्रंथ व्यालांचे १६ प्रकार सांगतो. सिंह, गज, अश्व, नर, वृषभ, मेष, शुक, वराह, महिष, वानर, हंस, कुक्कुट, मयूर इत्यादी मुखांवरून ही नावे पडली आहेत. विशेष म्हणजे मूषक आणि कीटक यांनाही त्या यादीत स्थान आहे. मंदिरस्थापत्याचे थोर अभ्यासक मधुसूदन ढाकी यांनी १९६५ मध्ये मध्ययुगीन मंदिरांवरील व्यालांचा स्वतंत्र अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ज्या आकृतींकडे निव्वळ सजावट म्हणून पाहिले जात होते, त्यांच्यामागे काटेकोर नियम आहे हे त्या अभ्यासातून स्पष्ट झाले.

शिल्पकाराचा नियम सोपा होता. धड सामान्यतः सिंहाचे ठेवायचे, मुख बदलायचे आणि मुखावरून नाव द्यायचे. हत्तीचे तोंड असेल तर गजव्याल, पोपटाचे असेल तर शुकव्याल. बाजारात जसा माल वरच्या छापावरून ओळखला जातो, तशीच ही ओळख. ती सोयीची आहे, चटकन पटते आणि कारागिराला पुरेशीही आहे. तथापि छाप म्हणजे माल नव्हे, हे प्रत्येक व्यापारी जाणतो.

आता आगमांची पद्धत पाहावी. श्वेतांबर आगमांतील चौथे उपांग ‘प्रज्ञापना’ हे श्यामाचार्यांच्या नावे प्रसिद्ध आहे. त्यात जीवसृष्टीची जी विभागणी केली आहे, तिचा सोपा सारांश शांतिसूरींच्या ‘जीवविचार प्रकरण’ या ५१ गाथांच्या छोट्या ग्रंथात येतो आणि तो आजही पाठशाळांतून मुखोद्गत केला जातो. या विभागणीची पहिली कसोटी इंद्रियांची आहे. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू आणि वनस्पती हे एकेंद्रिय. शंख, अळसे हे द्वींद्रिय. मुंगी, ढेकूण हे त्रींद्रिय. माशी, भुंगा, विंचू हे चतुरिंद्रिय. आणि त्यापुढे पंचेंद्रिय. येथे आकाराचा विचार नाही, सौंदर्याचा नाही, उपयुक्ततेचाही नाही. जीवाला किती द्वारांनी जग जाणवते, अर्थात त्याला किती द्वारांनी दुःख पोहोचू शकते, हा एकच निकष आहे.

पंचेंद्रिय तिर्यंचांची विभागणी त्यांच्या संचारावरून होते : जलचर, स्थलचर आणि खेचर. जलचरांचे पाच प्रकार सांगितले आहेत : मत्स्य, कच्छप, ग्राह, मकर आणि शिशुमार. स्थलचरांत एकीकडे चतुष्पाद, दुसरीकडे सरपटणारे परिसर्प. परिसर्पांतही पोटावर सरपटणारे उरःपरिसर्प, म्हणजे सर्प, अजगर आदी, आणि हातापायांच्या बळावर चालणारे भुजपरिसर्प, म्हणजे मुंगूस, घोरपड आदी. चतुष्पादांची वर्गवारी तर पूर्णपणे पायांवरून केलेली आहे. ज्याचा खूर अखंड तो एकखुर, जसे घोडा आणि गाढव. ज्याचा खूर दुभंगलेला तो द्विखुर, जसे गाय, म्हैस, उंट, हरिण. ज्याचे पाऊल गोल व भरीव तो गंडीपद, जसे हत्ती आणि गेंडा. ज्याच्या पावलाला नखे तो सनखपद, जसे सिंह, वाघ, अस्वल, कुत्रा.

खेचरांचे चार प्रकार आहेत. पिसांचे पंख असलेले रोमपक्षी आणि कातड्याचे पंख असलेले चर्मपक्षी, म्हणजे वटवाघळे. आधुनिक प्राणिशास्त्र वटवाघळाला सस्तन वर्गात घालते; आगमाने त्याला खेचरांत ठेवले, पण त्याचा पंख पिसांचा नाही हे अचूक टिपून वेगळा गट केला. उरलेले दोन प्रकार म्हणजे समुद्गपक्षी, ज्याचे पंख पेटीसारखे मिटलेले असतात, आणि विततपक्षी, ज्याचे पंख सदैव पसरलेले असतात. हे दोन्ही मनुष्यलोकाच्या बाहेर असतात, असे तेथेच नमूद केले आहे. येथे क्षणभर थांबण्यासारखे आहे. जे येथे कोणी पाहिलेले नाही त्याची नोंद स्वतंत्र ठेवली, ते येथे आढळते असा दावा केला नाही आणि पाहिलेल्या पक्ष्यांत ते मिसळूही दिले नाही. हिशेबाच्या वहीत प्रत्येक रकमेला तिचे खाते असावे, तशी ही शिस्त आहे.

सुज्ञ श्रोतेहो, या दोन पद्धती शेजारी ठेवल्या की गंमत दिसू लागते. शिल्पकार मुख पाहून नाव देतो, आगम पाय आणि संचार पाहून वर्ग ठरवतो. गजव्यालाचे मुख हत्तीचे आहे. त्याला हत्ती मानले तर तो गंडीपद ठरावा. पण खाली वाकून त्याच्या पावलांकडे पाहिले तर तेथे नखे कोरलेली असतात. म्हणजे तो सनखपद झाला. त्याची सोंड दाखवण्यापुरती आहे, त्याची झेप सिंहाची आहे. कीटकव्यालाचे उदाहरण याहून बोलके आहे. ज्याला तीन-चार इंद्रिये असतात अशा जीवाचे मुख पंचेंद्रियाच्या धडावर बसवले, तर तो प्राणी किती इंद्रियांचा म्हणावा? शिल्पकाराला हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. श्रावकाला मात्र तो पडला पाहिजे.

महाराष्ट्रातील अनेक किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला आहे. ग्रंथांतील शरभ आठ पायांचा आणि सिंहालाही भारी. किल्ल्यांवर तो बहुधा चार पायांवर उभा असतो. जंजिऱ्याच्या महाद्वारावरील श्वापदाने तर पंजांत, जबड्यात आणि शेपटीत हत्ती पकडून ठेवले आहेत. त्याचे नाव काहीही असो, पंजे पाहताच तो सनखपद, अर्थात सिंह-वाघांच्या कुळातील, हे कळते. पाथरवटाने ग्रंथातले पाय कमी केले, पण नखे सोडली नाहीत.

गंडभेरुंड हा दोन मुखांचा पक्षी. म्हैसूरच्या वोडेयार राजघराण्याचे ते चिन्ह होते, आज कर्नाटक राज्याच्या मुद्रेवर तो आहे, आणि कांजीवरम साडीच्या काठावर याळी व हंस यांच्या शेजारी तो पिढ्यान्‌पिढ्या विणला जातो. तक्षशिलेजवळ सिरकप येथील एका स्तूपाच्या चौथऱ्यावरही दोन मुखांचा गरुड आहे. मुखे दोन झाली म्हणून वर्ग बदलत नाही. पिसे आहेत, पंख आहेत, आकाशसंचार आहे. तो खेचर, रोमपक्षी. ओडिशातील पटचित्रांमधील नवगुंजर याहून अवघड. त्याला कोंबड्याचे मुख, मोराची मान, बैलाचे वशिंड, सिंहाची कंबर, सापाची शेपटी, निरनिराळ्या प्राण्यांचे पाय आणि एक मानवी हात आहे. सारळादासांच्या ओडिया महाभारतात अर्जुन या रूपावर बाण सोडण्यास सज्ज होतो. पण तो मानवी हात पाहून परमेश्वराला ओळखतो आणि शस्त्र खाली ठेवतो. अपरिचित प्राणी दिसताच शस्त्र उचलणे आणि नीट पाहताच ते खाली ठेवणे, एवढा बोध तेथे निश्चित घेता येतो.

पश्चिमेकडील एकशिंगी अश्वाची, युनिकॉर्नची, कथाही ऐकण्यासारखी आहे. इराणच्या दरबारी राहिलेल्या क्टेसियस या ग्रीक वैद्याने सुमारे २४०० वर्षांपूर्वी भारतातील एकशिंगी रानगाढवाचे वर्णन लिहिले. त्याने स्वतः भारत पाहिला नव्हता, आणि त्या ऐकीव वर्णनामागे गेंड्याच्या बातम्या असाव्यात असे अभ्यासक मानतात. पुढे युरोपीय चित्रकारांनी त्याला घोड्याचे मुख दिले. पण मध्ययुगीन चित्रांत त्याला बोकडाची दाढी आणि दुभंगलेले खूरही दिसतात. जीवविचाराच्या नियमाने पाहिल्यास हा घोडा एकखुर नसून द्विखुर आहे. गंडीपद गेंड्यापासून निघालेली वार्ता गाढवावरून घोड्यापर्यंत आणि शेवटी शेळीच्या खुरांपर्यंत कशी पोहोचली, ते पाय तपासल्यावरच उमगते.

पाय आणि दात तपासण्याच्या या सवयीने युरोपातही एक मोठी फसवणूक उघडकीस आणली. जर्मनीतील हँबर्ग शहरात सात मुखांचा एक ‘हायड्रा’ जतन करून ठेवलेला होता आणि त्याला फार मोठी किंमत सांगितली जात होती. आधुनिक प्राणिवर्गीकरणाचा जनक कार्ल लिनियस याने १७३५ मध्ये तो पाहिला. जबडे आणि पंजे हे वीझल नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या लहान मांसाहारी प्राण्याचे असून धडावर सापाची कातडी चिकटवली आहे, असे त्याने जाहीर केले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘सिस्टेमा नॅचुरे’ या ग्रंथात हायड्रा, युनिकॉर्न, फिनिक्स अशा संशयास्पद प्राण्यांसाठी त्याने एक निराळा गट ठेवला होता. १७४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून तो गट गाळला गेला.

याच्या उलट प्रकारही घडला. १७९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील प्लॅटिपसचे कातडे ब्रिटिश म्युझियममधील जॉर्ज शॉ यांच्या हाती आले. बदकाची चोच, अंगावर केस, पायांना पडदे. कोणीतरी चोच शिवली असावी, अशी शंका त्यांना आली. पण प्राणी खरा निघाला. पिलांना दूध पाजणारा हा प्राणी अंडी घालतो, हे १८८४ मध्ये निःसंशय सिद्ध झाले. एके ठिकाणी खोट्याला खरे मानले जात होते, दुसऱ्या ठिकाणी खऱ्याला खोटे मानले जाणार होते. दोन्ही वेळी मुखाने दिशाभूल केली. एका अंगावरून संपूर्ण वस्तूचा निवाडा करू नये, ही अनेकांताची शिकवण केवळ तत्त्वचर्चेपुरती नाही. ती साध्या निरीक्षणालाही लागू पडते.

आता जैन शिल्पातील एक विशिष्ट उदाहरण घ्यावे. कुक्कुटसर्प म्हणजे कोंबड्याच्या मुखाचा साप. मुखावरून तो खेचर, शरीरावरून उरःपरिसर्प. भगवान पार्श्वनाथांच्या पूर्वभवांच्या कथेत मरुभूतीचा जीव हत्ती होतो आणि त्याच्याशी वैर धरणारा कमठ कुक्कुटसर्प होऊन त्याला दंश करतो. तोच कुक्कुटसर्प पद्मावती देवीचे वाहन म्हणूनही दाखवला जातो. श्रवणबेळगोळच्या परंपरेत पोदनपूर येथील बाहुबलींच्या मूर्तीला कुक्कुटसर्पांनी वेढले होते, म्हणून तेथे पोहोचणे अशक्य झाले आणि चामुंडरायांनी श्रवणबेळगोळ येथे नवी मूर्ती उभारली, असे सांगितले जाते. त्या महामूर्तीचा काळ सामान्यतः इ. स. ९८१ मानतात, आणि तिच्या पायाशी कोरलेली मराठी ओळ प्रत्येक मराठी माणसाच्या परिचयाची आहे. एकच कल्पित प्राणी : एका कथेत क्रोधाचे फळ, दुसरीकडे देवीचे वाहन, तिसरीकडे तीर्थाची वाट अडवणारा. आकृती तीच, पण तिच्यामागचा जीव आणि त्याचा भाव वेगळा.

येथे वाहनांविषयीची एक शंका दूर करणे अगत्याचे आहे. देवांची वाहने ही जनावरे आहेत, असा सर्वसाधारण समज असतो. तत्त्वार्थसूत्रात देवांच्या ज्या श्रेणी सांगितल्या आहेत, त्यांत ‘आभियोग्य’ ही सेवकवर्गाची श्रेणी आहे. हे देवच वैक्रिय शरीराच्या साहाय्याने हत्ती, सिंह इत्यादींची रूपे धारण करून वाहन होतात. म्हणजे ऐरावताचे रूप हत्तीचे, पण गती देवाची. रूपावरून गती ठरत नाही. वेरूळच्या ३२ क्रमांकाच्या जैन लेण्याला ‘इंद्रसभा’ हे नाव पडले, त्याचे कारणही असेच. हत्तीवर बसलेला यक्ष पाहून लोकांनी त्याला इंद्र ठरवले. हत्ती ओळखला, पण स्वार ओळखायचा राहिला.

हरिनैगमेषी देवाचीही गोष्ट अशीच आहे. मथुरेच्या कंकाली टीला येथून मिळालेल्या प्राचीन शिल्पात त्याचे मुख बोकडाचे आहे; पुढे श्वेतांबर परंपरेतील कल्पसूत्राच्या चित्रमय पोथ्यांत तेच मुख हरिणाचे झाले. नावात ‘हरिण’ ऐकू येतो आणि कुंचला त्या नादामागे जातो. तेव्हा कल्पित प्राण्याचे साम्य कधी डोळ्यांनी ठरते, तर कधी कानांनी.

धर्मबंधूंनो, येथवरचा विचार हा जाणकारीचा झाला. यापुढचा प्रश्न अधिक गंभीर आहे. जो प्राणी मुळात नाही, त्याच्या साम्याला काही मोल आहे काय? दगडाचा हत्ती, पिठाचा कोंबडा, साखरेचा घोडा यांना वेदना होत नाहीत. मग त्यांच्याशी कसेही वागले तर बिघडले कोठे?

जैन दर्शनात याचे उत्तर निक्षेपाच्या विचारात आहे. नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव असे चार निक्षेप. त्यांतील स्थापना दोन प्रकारची : तदाकार आणि अतदाकार. मूर्ती, चित्र, मातीचा बैल ही तदाकार स्थापना. त्यांत मूळ वस्तूचा आकार आहे. बुद्धिबळातील साध्या सोंगटीला उंट किंवा हत्ती म्हणणे ही अतदाकार स्थापना. तेथे आकार नसला तरी संकेत आहे. दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्याचे मन वस्तूपाशी न थांबता मूळ जीवाकडे जाते. पोळ्याच्या दिवशी ज्याच्या गोठ्यात बैल नाही तो मातीचे बैल आणून पूजतो. त्या मातीला नमस्कार पोहोचत नाही. तो शेतात राबणाऱ्या बैलाला पोहोचतो. नमस्कार जर आकारामार्फत मूळ जीवापर्यंत जात असेल, तर घावही जातो, असे मानणे तर्काला धरून आहे.

यशोधर राजाची कथा हेच सांगते. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या ‘यशस्तिलक’ चंपूचा हाच विषय आहे, आणि पुष्पदंत, वादिराज अशा अनेक जैन कवींनी तो पुन्हा पुन्हा हाताळला. उज्जयिनीचा राजा यशोधर विरक्त होतो. त्याची माता देवीला पशुबळी देण्याचा आग्रह धरते. राजा जीवहत्येला नकार देतो. पण मातेचे मन मोडवत नाही, म्हणून पिठाचा कोंबडा करून तो बळी द्यावा अशी तडजोड होते. व्यवहाराच्या दृष्टीने ही तडजोड निर्दोष वाटते. रक्त सांडले नाही, प्राण गेला नाही, आईही समाधान पावली. तरीही पुढे माता आणि पुत्र दोघेही मोर, कुत्रा, साप, मासा, बोकड अशा जन्मांतून फिरतात, प्रत्येक जन्मी मारले जातात आणि अखेर खरोखरचे कोंबडे होतात. त्या जन्मी धर्मवचन कानी पडल्यावर त्यांना पुन्हा मनुष्यभव मिळतो.

ही कथा ऐकून शिक्षा फार कठोर झाली असे पुष्कळांना वाटते. कथाकारांचा रोख मात्र शिक्षेच्या मापावर नाही. राजाने पिठाला मुद्दाम कोंबड्याचाच आकार दिला, कारण देवीपुढे कोंबडाच मारायचा होता. आकाराने हेतू उघड केला. पिठाचा गोळा कापला असता तर ती पोळी झाली असती. कोंबडा म्हणून कापला, म्हणून ती भावहिंसा झाली. येथे मुखही पाहायचे नाही आणि पायही पाहायचे नाहीत. करणाऱ्याचे मन पाहायचे. वर्गवारीची ही तिसरी आणि शेवटची कसोटी.

अनेक जैन घरांत प्राण्यांच्या आकाराची मिठाई किंवा बिस्किटे मुलांना देत नाहीत आणि प्राण्याचे चित्र असलेल्या कापडावर त्या चित्रातून कात्री चालवणे टाळतात. नव्या पिढीला हा कर्मठपणा वाटतो. त्यामागचे कारण न सांगता नुसती मनाई केली, तर तो कर्मठपणाच ठरेल. पण साखरेच्या हत्तीचे डोके मोडताना मुलाच्या मुखातून सहज निघणारे “हत्तीला मारले” हे शब्द ज्याने ऐकले आहेत, त्याला कारण वेगळे सांगावे लागत नाही. वाक्य खेळातले असले तरी क्रियापद खरे असते.

आता शेवटचा मुद्दा तीर्थंकरांच्या लांछनांचा. वृषभ, गज, अश्व, वानर, गेंडा, महिष, वराह, मृग, छाग, कूर्म, सर्प, सिंह अशी ही चिन्हे आहेत. काही तीर्थंकरांच्या बाबतीत दिगंबर व श्वेतांबर परंपरांत थोडा भेद आहे. भगवान नेमिनाथांचा शंख तर द्वींद्रिय जीवाचे घर आहे. या नामावलीत व्याल नाही, शरभ नाही, गंडभेरुंड नाही. दारावर, खांबांवर, तोरणावर कल्पनेला मुभा आहे. पण जिनेश्वरांच्या आसनावर जो प्राणी कोरला जातो, तो रानात, शेतात, पाण्यात प्रत्यक्ष जगणारा आहे. वीतरागाची ओळख पटवण्यासाठी परंपरेने खऱ्या जीवांची निवड केली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

यात डोळा फसतो तो एकाच ठिकाणी : नववे तीर्थंकर सुविधिनाथ, अर्थात पुष्पदंत, यांच्या मकराजवळ. काही ठिकाणी तो सरळ मगर असतो, तर काही ठिकाणी त्याला सोंड आणि पिसाऱ्यासारखी शेपटी येते, आणि तो तोरणावरच्या मकराचा भाऊ होतो. या मकराची अंगे शोधत गेल्यास मगर, लांब जबड्याची सुसर म्हणजे घडियाल, हत्ती आणि मासा सापडतात. शिशुमार हे नाव गंगेतील डॉल्फिनशी जोडले जाते. आगमाने मकर आणि शिशुमार वेगळे मोजले, कारण त्या काळच्या नद्यांत पाहणाऱ्याला ते वेगळे दिसत होते. घडियाल आज अतिसंकटग्रस्त आहे. जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने २००७ मध्ये त्याची तशी नोंद केली. गंगेतील डॉल्फिनला २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर घोषित करावे लागले, ते त्याची संख्या घटत चालल्यामुळेच.

दक्षिण महाराष्ट्रात या प्रश्नाला रोजच्या जीवनाची धार आहे. सांगली परिसरात कृष्णेच्या पात्रात मगरींचा वावर आहे आणि माणसांवर, जनावरांवर हल्लेही झाले आहेत. नदीकाठी शेती करणाऱ्या जैन कुटुंबांची संख्या तेथे मोठी आहे. ज्याच्या मुलाला पाण्याजवळ धोका आहे, त्याची भीती खरी आहे. तिला उपदेशाने झाकू नये. पण मंदिरात मकरलांछनासमोर हात जोडायचे आणि नदीवर मगर दिसताच ती संपवावी असे म्हणायचे, यात विसंगती आहे. पाणवठ्याला कुंपण घालणे, धोक्याच्या जागी फलक लावणे, वनखात्याला वेळीच कळवणे ही कामे ट्रस्ट आणि मंडळे करू शकतात. जीवदयेच्या निधीतून पांजरपोळाला जसे साहाय्य होते, तसे या कामालाही व्हावे. माणूस आणि मगर दोघेही वाचावेत यासाठी केलेला खर्च हाही जीवदयेचाच खर्च आहे.

मूळ प्राणी नाहीसा झाला तर कल्पित प्राणी उरतो, परंतु त्याला कोणी ओळखत नाही. ज्याने सुसर पाहिली नाही, त्याला मकराचा जबडा हा केवळ नक्षीचा भाग वाटतो. ज्याने हत्तीचे पाऊल आणि सिंहाचा पंजा यांतील फरक कधी पाहिला नाही, त्याला गजव्याल हा नुसता ‘विचित्र प्राणी’. कल्पना उधारीवर जगते. तिचे भांडवल सृष्टीत आहे. भांडवल बुडाले की पेढीवर पाटी राहते, व्यवहार राहत नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने पाठशाळेसाठी एक छोटी सूचना करणे उचित होईल. मुलांना मंदिरातील एक-एक कल्पित प्राणी दाखवावा आणि वहीत तीन रकाने आखून द्यावेत. पहिल्या रकान्यात मुख कोणाचे ते लिहावे, दुसऱ्यात पाय कोणाचे आणि म्हणून वर्ग कोणता ते लिहावे, तिसऱ्यात ते खरे प्राणी आज कोठे आणि कसे जगत आहेत ते शोधून लिहावे. पहिल्या रकान्यात शिल्पकला शिकून होईल, दुसऱ्यात जीवविचार, आणि तिसऱ्यात करुणा. ५१ गाथा पाठ करणारे मूल मग त्या गाथांतील एकखुर, द्विखुर, सनखपद हे शब्द पायरीवर उभे राहून स्वतःच्या डोळ्यांनी वाचू लागेल.

तेव्हा लहान मुलाने विचारलेल्या “हा खराच असतो का?” या प्रश्नाला यापुढे नुसते “नाही” म्हणून थांबू नये. हा असा नसतो. पण याचे मुख ज्याचे आहे तो असतो, याचे पाय ज्याचे आहेत तोही असतो, आणि त्या दोघांनाही पाच इंद्रिये आहेत, असे सांगावे. एवढे उत्तर ज्या मुलाला मिळाले, ते पुढे रस्त्यावरच्या कुत्र्यावर दगड उचलण्यापूर्वी क्षणभर थांबेल. तो थांबण्याचा क्षण पुढच्या पिढीला देणे हे कोणत्याही ट्रस्टच्या ५० वर्षांच्या कार्याचे सार्थक मानावयास हरकत नाही.

जय जिनेंद्र.